मशीनच्या अंगात यायचं

‘तीन तारा तर जोडायच्यात, ताई.’ हे वाक्य आजही कुणी माझ्यासमोर उच्चारलं ना, तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीन तारा! काम कधी सांगावं आणि कुणाला सांगावं, ह्याची अक्कल नसलेली माणसं तारा मोजतात. पण त्या तीन तारा मी जोडल्या, ह्या माझ्या हातांनी, पूर्ण शुद्धीत. तेव्हा आरडाओरडा करायचा हक्क मला किती उरलाय, हे माझं मलाच माहीत नाही. तरी मी करणार.

मी वायरमन. बाई असले तरी सर्टिफिकेटवर वायरमनच लिहिलंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. घर मुरब्याला, पालघरजवळ समुद्रकाठी. आईनं आयुष्यभर मासळी विकली, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नाही. पालघरला आयटीआय केलं, बोईसरला पॅनल बनवणाऱ्यांच्या हाताखाली बारा-तेरा वर्षं काढली आणि आता स्वतःची कामं घेते. तारापूरच्या एमआयडीसीत छोट्या छोट्या गाळ्यांमधून फिरत असते. कुठे मोटर जळाली, कुठे पॅनल नवीन बसवायचंय. पान्हा-पक्कडीची पिशवी खांद्याला लावून मी शिरले की नवीन माणसं आधी माझ्या मागे बघतात. वायरमन मागून येत असेल म्हणून.

ज्या गाळ्याची ही गोष्ट आहे तिथे देव्हारे बनतात. घरात भिंतीला लावायचे, जाळीची नक्षी असलेले. नक्षी कोरायला मशीन आहे, सीएनसी म्हणतात ते. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, टेबलावर फळी आवळायची, वरची मोटर फिरत्या कटरसकट खाली येते आणि चित्राबरहुकूम लाकूड कोरत जाते. गाळ्याचे मालक शेठ, घाटावरून नोकरीला आलेले. कारखान्यात सुपरवायझर होते, मग नोकरी सोडून हा धंदा काढला. आणि मशीनवर काका. काका म्हणजे विक्रमगडच्या बाजूचे, मूळचे सुतार. पंचावन्नच्या पुढचे. मशीननं कोरलं तरी कोपऱ्यातलं उरलंसुरलं काका पटाशीनं काढायचे आणि फळीवरून उजव्या हाताचं बोट असं फिरवायचे की कुठे लाकडाचं कूस राहिलंय ते त्यांना डोळ्यांनी बघावं लागायचं नाही. मला ते ‘बाय’ म्हणायचे. त्या गाळ्यात मी चहाला थांबायचे ती काकांमुळेच.

पूर्वी मोटर चालू-बंद करायला साधं बटण होतं. फळी लावली की काका हातानं बटण दाबायचे. शेठना ते खुपायला लागलं. माणूस मशीनपाशी अडकून पडतो म्हणे. मशीननंच मोटर चालू करावी, मशीननंच बंद करावी आणि काकांनी तेवढ्या वेळात दुसरीकडे घासकाम करावं. आता मशीन ज्या बोर्डावर चालतं तो बोर्ड तळहाताएवढा. त्याला मोटरचा करंट झेपत नाही, तो नुसता इशारा करू शकतो. इशारा घेऊन मोटरचा करंट सोडायला मध्ये रिले लागतो. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटणच, दुसरं काही नाही. बोर्डावरून त्याला तीन तारा जातात. एक प्लस, एक मायनस, एक इशाऱ्याची.

रिले शेठनीच मागवून ठेवला होता. ऑनलाइन, स्वस्तातला. मी तो हातात घेतला, टेबलावर जोडून बघितला आणि म्हटलं, ‘शेठ, हा उलटा आहे.’

‘उलटा म्हणजे?’

‘उलटा म्हणजे ह्याला इशारा मिळाला की हा बंद होतो आणि इशारा नसला की चालू होतो. मेन स्विच लावल्यावर तुमचा बोर्ड जागा व्हायला दोन सेकंद घेतो. त्या दोन सेकंदांत इशारा नसतो. म्हणजे दर वेळी मेन लावला की मोटर आपोआप फिरणार. दोन सेकंद, पण फिरणार. सुलटा रिले आणा आणि मोटरला वेगळा काँटॅक्टर आणि हिरवं-लाल बटण लावू. मग लाईट गेली-आली तरी माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर हलणार नाही.’

‘आणू की. नवरात्र तोंडावर आलंय, देव्हारे अडलेत. आत्ता हे लावा, दसरा झाला की तुम्ही म्हणाल ते करू. तीन तारा तर जोडायच्यात, ताई.’

मी भांडले. चांगला अर्धा तास भांडले, शेजारच्या गाळ्यातली माणसं डोकावून गेली. आणि मग मी त्या तारा जोडल्या. लोक म्हणतात, तू सांगितलं तर होतंस. डोंबलाचं सांगितलं होतं! सांगून झाल्यावर जोडल्याच ना? एखाद्यानं विहिरीत ढकलण्याआधी खोली सांगितली तर त्याला काय शाबासकी द्यायची? शेठनी आणखी एक काटकसर केली, तीही सांगून टाकते. टेबलावर उजेड पडावा म्हणून एलईडीची पट्टी हवी होती. तिला वेगळी लाईन नको, मशीनच्याच मेनवर द्या म्हणाले. तीही मी दिली.

पहिल्यांदा मेन लावला. ‘टक्’ झालं, मोटर गर्रकन फिरली, आणि परत ‘टक्’ होऊन थांबली. सगळे दचकले. काका मात्र हसले. ‘बाय, हिच्या अंगात येतं गं!’

झालं. त्या दिवसापासून ते मशीन अंगात येणारं झालं. सकाळी मेन लावणारा आधी ओरडायचा, ‘येतंय अंगात!’ मग सगळ्यांनी दोन पावलं मागे सरायचं आणि हात जोडायचे. टक्, गर्रर्र, टक्. देवी गेली, चला कामाला. चहा आणणारासुद्धा केटली धरल्या हातानं नमस्कार करायला लागला. कुणी नवीन आलं की काका त्याला कौतुकानं दाखवायचे. आणि मी? मी हसले. चहाचा ग्लास हातात धरून खो खो हसले. आमच्या लोकांचं हे असंच असतं. गळकं छप्पर दुरुस्त करणार नाहीत, खाली ठेवलेल्या बादलीला मात्र नाव ठेवतील आणि तिची आठवण काढून हसतील. मशीनमधला दोष आम्ही काढला नाही, त्याची रीत करून टाकली. शेठना मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही, कारण तोवर मलाही त्या दोन पावलांची सवय झाली होती.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी गाळ्यागाळ्यांत मशीनची पूजा असते. मशीन बंद ठेवायचं, पुसून घ्यायचं, हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा, पेढे वाटायचे. वर्षभर ज्यांची कामं केली तिथून मलाही बोलावणं असतं. ह्या गाळ्यासाठी झेंडूचा हार मीच घेऊन गेले होते. आईनं ओवलेला. आमच्या घरी फुलंसुद्धा जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्यातच ओवतात. तो दोरा तुटत नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. मेन खाली होता, मशीन गप्प उभं होतं. हार घालायचा मान काकांचा, मशीनवर त्यांचा हात म्हणून. ते नवीन सदरा घालून आले होते. त्यांनी मोटरला कुंकू लावलं, हार तिच्याभोवती फिरवला आणि खाली कटरच्या वर दोऱ्याची गाठ मारायला लागले. मी मेनच्या पॅनलला टेकून उभी होते, हातात पेढा. शेठ समोरून मोबाईलवर फोटो काढत होते.

‘काळा येतोय फोटो. ताई, ती टेबलाची लाईट लावा जरा.’

आणि मी लावली.

विचार करून लावली असती तर स्वतःला शिव्या घालायला तरी काही हाताशी लागलं असतं. तसं काही नव्हतंच. लाईट लावा म्हटलं, वायरमनचा हात मेनवर गेला. टेबलाची लाईट म्हणजे मशीनचा मेन हे त्या गाळ्यात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी जोडलेलं! ‘टक्’ ऐकलं तेव्हा मला कळलं. ‘येतंय अंगात’ हे शब्द माझ्या तोंडातून निघाले तेव्हा मोटर फिरून थांबलीसुद्धा होती.

हार काकांच्या बोटांना गुंडाळला गेला आणि त्यानं हात आत ओढून घेतला. आई म्हणते तेच खरं, तो दोरा तुटत नाही. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. मधलं बोट राहिलं, पण ते आता वाकत नाही. तर्जनी म्हणजे फळीवरचं कूस शोधायचं बोट. रिक्षात मी काकांचा हात माझ्या ओढणीत आवळून धरला होता, आणि हे काका मला विचारतात, ‘मशीनला काय झालं नाय ना?’ मी एवढ्या जोरात ओरडले की रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. ‘आग लागो तुमच्या मशीनला!’

दुसऱ्या दिवशी शेठनी मला गाळ्यावर बोलावलं. अपघाताचा कागद तयार होता. पूजा चालू असताना गेलेली लाईट अचानक आली आणि मशीन सुरू झालं, असं त्यात लिहिलेलं. खाली मी सही करायची, वीजकाम बघणारी म्हणून.

‘लाईट आली नव्हती शेठ.’

‘ताई, लाईट आली तर कुणाचंच नाव येत नाही. माझं नाही, तुमचं तर नाहीच नाही. मी तुमच्यासाठी पण बघतोय.’

बोईसरमध्ये लाईट गेली आणि आली, हे कुणालाही पटतं. त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आणि मी, जिचा आवाज तीन गाळे पलीकडे जातो ती मी, गुपचूप सही करून बाहेर पडले. त्या क्षणी मला शेठचा राग आला नाही, बरं वाटलं. मोकळं वाटलं! ते बरं वाटणं आठवलं की मला आज स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकांच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. ‘लाईट आली म्हनतात, बाय,’ काका म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं. आणि नेलेली केळी ठेवायला जागा शोधत बसले.

त्यानंतर त्या गाळ्याच्या रस्त्याला मी गेले नाही. लांबून वळसा घालून जायचे. शेठचा एकदा फोन आला, उचलला नाही. दिवाळी झाली. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते. आई म्हणाली, ‘काय गं, तोंड का बंद झालं?’ तिच्यावरही खेकसले. पुन्हा हार कशात ओवायचा ते बघ, म्हटलं. तिला बिचारीला काही कळलं नाही.

मग एके दिवशी सकाळी बोईसरला मी नेहमीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर घ्यायला गेले. बाहेर रिक्षाची वाट बघत काकांची सून उभी. दवाखान्यात तिला पाहिलं होतं, शांत, कामसू. डबा हातात.

‘कुठं चाललीस?’

‘कामाला. शेठनी मामांच्या जागेवर घेतलं मला. मशीनवर. मामा येतात रोज दाखवायला, पयलं गेलेत.’

‘मशीन दुरुस्त केलं का गं? रिले बदलला?’

‘ते मला म्हाईत नाय. पण अंगात येतं हां तिच्या!’ ती हसली. अगदी काकांसारखी हसली. ‘आमी दोन पावलं मागं जातो.’

डोक्यात तिडीक गेली. मी तशीच दुकानात परत शिरले. काँटॅक्टर, सुलटा रिले, हिरवं बटण, लाल बटण, सगळं घेतलं. सुनेला म्हटलं, बस रिक्षात, मी येते.

गाळ्यात पाऊल टाकलं आणि कुणाला काही न बोलता आधी मेन खाली ओढला. चालू मशीन बंद पडलं, अर्धी कोरलेली फळी तशीच राहिली. काका स्टुलावर बसले होते, पट्टी आता फक्त बोटांना होती. शेठ आतून धावत आले.

‘ताई, हे काय? ऑर्डर आहे आज!’

‘ऑर्डर गेली चुलीत. दसरा झाला, दिवाळी झाली. तुम्ही म्हणाला होतात, दसऱ्यानंतर करू.’

‘करायचंच आहे. पण आता सगळ्यांना माहीत आहे ना, की दोन सेकंद…’

‘दोन सेकंद! बरं. मग असं करा शेठ. तुमचा हात ठेवा त्या कटरखाली. ठेवा. मी मेन लावते. दोन सेकंद तर आहेत!’

शेठ हलले नाहीत. मी मेनवर हात ठेवून उभी राहिले आणि खरं सांगते, त्या वेळी माझा काही भरवसा नव्हता. शेवटी ते बाजूला झाले. ‘लवकर करा,’ एवढंच म्हणाले.

दोन तास लागले. त्या तीन तारा मी कापूनच टाकल्या, सोडवत बसले नाही. नवा रिले बसवला, काँटॅक्टर बसवला, बटणं सुनेच्या हाताला सहज येतील अशी समोर लावली. टेबलाच्या लाईटला वेगळी लाईन ओढली, वेगळं बटण दिलं. एवढंच होतं काम. दोन तासांचं! ह्या दोन तासांसाठी आम्ही एक माणूस अर्धा केला. काम करताना मी मोठमोठ्यानं बोलत होते, पक्कडीशी, स्क्रूशी, शेठच्या सात पिढ्यांशी. मध्ये एकदा काकांनी डाव्या हातानं टेस्टर पुढे केला. मी त्यांच्याकडे न बघता घेतला.

मग म्हटलं, ‘मेन लावतेय.’

लावला. काहीच झालं नाही. टक् नाही, गर्रर्र नाही. बोर्डावरचा दिवा तेवढा लुकलुकायला लागला. मी वळून बघितलं तर सगळे दोन पावलं मागे सरकलेले. घासकामवाले दोघे, शेठ आणि सून. सुनेचे हात जोडलेले.

‘हात खाली कर!’ मी तिच्यावर ओरडले. ‘देव नाय तो. कुणाच्या अंगात येत नाय. आम्ही नीट काम केलं नव्हतं, म्हणून फिरायचं ते.’

ती घाबरली. हात तसेच अर्धवट धरून राहिली. आणि तिच्या त्या दहा बोटांकडे बघून माझा सगळा आवाजच बसला. इतके दिवस दाताखाली धरलेलं बाहेर आलं, तेही असं, सगळ्यांसमोर, शेठच्या तोंडावर.

‘काका, त्या दिवशी लाईट आली नव्हती. लाईट गेलीच नव्हती. मेन मी लावला. ह्या हातानं. मी खोट्या कागदावर सही केली. शेठ, तो कागद काढा, मला परत लिहायचाय.’

शेठ काहीतरी बोलायला लागले. काकांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

‘माहीत हाय, बाय,’ काका म्हणाले. ‘गाठ मारताना तुज्याकडंच बगत होतो मी.’

‘मग बोलला का नाहीत? हात का नाही काढलात?’ मी रडत होते आणि ओरडतही होते. ‘अंगात येतं हे तुम्हाला माहीत होतं ना? मग हात घातलातच कशाला?’

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय विचारतेय हेच त्यांना कळत नसल्यासारखं.

‘तू पॅनलपाशी उबी होतीस म्हनून तर घातला. दुसरं कुनी असतं तर घातला नसता.’